नेमो १९३४ : एव्हरेट रूएसची एकट्याची वाट

द्वितीय वर्ष, कला

आपल्या वार्षिकांकात दर वर्षी कुणा ना कुणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. कुणी समाजसुधारक असतो, कुणी शास्त्रज्ञ, कुणी सेनानी. त्यांनी काहीतरी उभे केले म्हणून आपण त्यांना वंदन करतो. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे त्याने काहीच उभे केले नाही. लढाई जिंकली नाही, शोध लावला नाही, पदवीसुद्धा घेतली नाही. वयाच्या विसाव्या वर्षी तो अमेरिकेतील एका वाळवंटी घळीत उतरला आणि त्यानंतर कुणाच्या नजरेस पडला नाही. या गोष्टीला नव्वद वर्षे होऊन गेली. तरी तिकडे त्याचे नाव विझलेले नाही. त्याच्यावर पुस्तके झाली, माहितीपट झाले, त्याचे अवशेष सापडल्याची बातमी एकदा जगभर झाली आणि खोटीही ठरली. त्याचे नाव एव्हरेट रूएस.

वाचकहो, या मुलाची गोष्ट मला का सांगावीशी वाटली ते आधी सांगतो. मी माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दिवाळी सरली की आमचा वाडा घोड्यांच्या पाठीवर चढतो आणि चाऱ्यामागे पुण्याच्या बाजूला किंवा घाटाखाली जातो, तो पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतो. म्हणजे चालणे हे आमच्या घरात पोटाचे काम आहे. आणि हा एक मुलगा असा, की ज्याच्या घरी पुस्तके होती, चित्रे होती, कॉलेजचा दरवाजा उघडा होता. तो सगळे सोडून आपण होऊन उन्हापावसात एकटा चालत सुटला! त्याचे चरित्र वाचताना माझ्यातला विद्यार्थी भारावून जात होता आणि माझ्यातला मेंढपाळ कपाळाला आठ्या घालत होता. या दोघांचे भांडण अजून मिटलेले नाही. म्हणूनच हा लेख.

एव्हरेटचा जन्म २८ मार्च १९१४ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. वडील ख्रिस्तोफर रूएस हे शिकलेले धर्मोपदेशक. पुढे ते वाट चुकलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारे प्रोबेशन अधिकारी झाले. आई स्टेला चित्रे काढी, लाकडी ठशांवरून छपाई करी, कविता लिही. वॉल्डो नावाचा एक थोरला भाऊ होता. वडिलांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड गावोगाव फिरले आणि शेवटी १९२८ साली लॉस एंजेलिसला स्थिरावले. मुलाने रोजनिशी लिहावी, चित्र काढावे, पाहिलेले शब्दांत मांडावे, अशी आईची शिकवण होती. ती त्याच्या अंगी इतकी मुरली, की पुढे तो कुठेही असो, घरी पत्र जायचेच. आज त्याच्याविषयी जे काही ठाऊक आहे ते बहुतेक त्या पत्रांमुळेच.

१९३० च्या उन्हाळ्यात, सोळा वर्षांचा असताना, तो पाठीवर बोचके टाकून वाटेत मिळेल त्या मोटारीने कार्मेल या किनाऱ्यावरच्या गावी गेला. तेथे एडवर्ड वेस्टन हे नामवंत छायाचित्रकार राहत. हा पोरगा ओळखपाळख नसताना सरळ त्यांच्या दारात उभा राहिला, आणि त्यांनीही त्याला आपलेसे केले. जानेवारी १९३१ मध्ये हॉलिवूड हायस्कूलचे शिक्षण संपले आणि फेब्रुवारीत तो ॲरिझोना राज्यातील कायेंटा या लहानशा ठाण्यावर दाखल झाला. भोवताली नवाहो या मूळ रहिवाशांचा मुलूख. तेथे त्याने ओझे वाहायला एक गाढव घेतले आणि नवाहोंच्या एका रिकाम्या होगनमध्ये, म्हणजे माती-लाकडाच्या गोलसर घरात, मुक्काम ठोकला.

याच सुमारास त्याने एक मजेशीर गोष्ट केली. घरच्यांना कळवले, की आता मला लॅन रॅमो म्हणा. आणि आपले जुने नाव एव्हरेट त्याने गाढवाला देऊन टाकले! काही दिवसांनी हेही नाव टाकून त्याने तिसरे घेतले आणि शेवटी मूळ नावावर परत आला. सतराव्या वर्षी आपण कोण आहोत हे कुणाला नक्की माहीत असते? पण नावाशी चाललेला हा खेळ वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो फार वेगळ्या रूपाने भेटणार आहे.

आता तो मुलूख कसा आहे ते सांगितले पाहिजे. त्यावाचून त्याच्या चालण्याचा अर्थ कळणार नाही. युटा आणि ॲरिझोना ही राज्ये जेथे भेटतात तेथे वालुकाश्माचे प्रचंड पठार आहे. कोलोरॅडो नदीने आणि तिच्या उपनद्यांनी लाखो वर्षे हे पठार चिरत नेले. त्या चिरांना तिकडे कॅनियन म्हणतात. आपण घळ म्हणू. काही घळी मैलभर खोल, तर काही इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कड्यांना लागावेत. वर पाहिले तर आभाळाची एक निळी चिंधी तेवढी दिसते. वर्षाचा पाऊस जेमतेम दहा इंच. आमच्या माणदेशात वीस इंचांना आम्ही दुष्काळ म्हणतो. हे त्याच्या निम्मे!

परंतु असल्या मुलखात माणूस तहानेइतकाच पाण्यानेही मरतो. उघडा खडक पाणी पिऊन घेत नाही. पाऊस पडला की सगळे पाणी घरंगळत घळीत उतरते. डोक्यावर लख्ख ऊन असते, पाऊस मात्र दहा कोसांवर कुठेतरी झालेला असतो, आणि अचानक वरच्या अंगाने चिखल, दगड व ओंडके घेऊन लाल पाण्याची भिंत येते. कडा चढून जावे तर धरायला जागा नसते. पूर ओसरल्यावरही तळाशी फसवी वाळू राहते आणि जनावर तिच्यात पोटापर्यंत रुतते. हिवाळ्यात बर्फ पडते, खडकातल्या डबक्यांतले पिण्याचे पाणी गोठते आणि उन्हात खरखरीत लागणारा तोच खडक ओला झाला की काचेसारखा निसरडा होतो.

ओढ्याच्या पात्रात वाडा टाकायचा नाही, ही आमच्याकडची पहिली शिकवण आहे. आभाळ फिरलेले दिसले की माणसांनी पांगायचे नाही, ही दुसरी. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाळी पाऊस झाला तेव्हा आमचा वाडा जुन्नरच्या बाजूला उघड्यावर होता. रात्रभर पाऊस आणि वारा. लोकर भिजून जड झालेली मेंढरे एकमेकांना बिलगून उभी राहिली आणि उभ्या उभ्या गारठली. सकाळी सतरा मेंढरे मेलेली होती. वडील, चुलते, आई, चुलती अशी सगळी मिळून होती म्हणून घोंगड्या टाकून उरलेली वाचवता आली. एकट्या माणसाच्याने ते झाले नसते. हे अनुभवलेला माणूस वादळात आपण होऊन एकट्याने फिरणाऱ्याकडे कसा पाहील, ते वाचकांनी ओळखावे.

एव्हरेट मात्र वादळाला घाबरत नव्हता. उलट वीज, वारा, धुळीचे लोट, पावसानंतर कड्यांवरून सुटणारे धबधबे यांचे वर्णन करताना त्याच्या पत्रांना जणू उधाण येई. १९३१ या एकाच वर्षात त्याने मॉन्युमेंट व्हॅली, कॅनियन द शे, ग्रँड कॅनियन आणि झायन असा मुलूख पालथा घातला. झायनमध्ये विषारी वेलीच्या स्पर्शाने त्याचे तोंड सुजले, डोळे मिटले आणि कित्येक दिवस तो तसाच पडून राहिला. बरा झाला, की पुन्हा चालू लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चरित्र लिहिताना नायकाचे दोष झाकायची आपली रीत आहे. मला ती पटत नाही. पहिल्या वर्षीच त्याला वाटेत एक कुत्रे मिळाले होते. त्याचे नाव त्याने कर्ली ठेवले. तेच त्याचे सोबती. १९३२ च्या भटकंतीत एकदा रागाच्या भरात त्याने कर्लीला मारले आणि ते कुत्रे पळून गेले, ते परत आलेच नाही. त्याला पश्चात्ताप झाला, रोजनिशीत त्याने तो नोंदवला. पण सोबती गेला तो गेला. त्याच वर्षी कॅनियन देल म्वेर्तो नावाच्या घळीत त्याचा एक घोडा खचून मेला. त्या स्पॅनिश नावाचा अर्थच मेलेल्या माणसाची घळ असा आहे. सौंदर्याच्या मागे लागलेला हा मुलगा सोबतच्या मुक्या जिवांशी नेहमीच समंजसपणे वागला असे म्हणता येणार नाही. आमच्यात कुत्र्याला आधी भाकरी घालतात, मग माणूस जेवतो. कारण रात्री कोण जागणार आहे हे आम्हाला ठाऊक असते.

१९३२ च्या शरदात घरच्यांच्या इच्छेखातर तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दाखल झाला. एकच सत्र तेथे काढले आणि १९३३ च्या सुरुवातीला त्याने कॉलेज सोडले. चरित्राचे हे पान मी तीन वेळा वाचले. त्या काळी अमेरिकेत महामंदी होती. चार कामकऱ्यांतला एक बेकार होता. अशा दिवसांत चालून आलेले शिक्षण त्याने नाकारले. माझे वडील चालतात म्हणून मी वर्गात बसू शकतो. त्याने चालायला मिळावे म्हणून वर्ग सोडला. माझ्यासारख्याला हे सहज गिळता येत नाही. पण त्याच्यावर आळसाचा आरोपही करता येत नाही. तो अखंड वाचत होता. गाढवाच्या पाठीवरच्या ओझ्यात पुस्तकांचे ओझे असे. चित्रे काढीत होता, लिनोलियमवर ठसे कोरून छापे घेत होता, मिळतील तितक्या पैशांना विकत होता. पोटाला कमी पडले तर घरून पैसे आणि खाण्याच्या वस्तूंची पार्सले येत. तो एकटा फिरत होता हे खरे, पण त्या एकटेपणाचा शिधा आईवडील पाठवीत होते, हेही तितकेच खरे.

१९३३ च्या उन्हाळ्यात तो दोन गाढवे घेऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हिंडला. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला राहिला. तेथे चित्रकार मेनार्ड डिक्सन, छायाचित्रकार डोरोथिया लँग आणि अँसेल ॲडम्स यांच्याशी त्याची ओळख झाली. ॲडम्स यांनी आपले एक छायाचित्र देऊन त्याच्या बदल्यात याचे एक चित्र घेतले. एकोणीस वर्षांच्या मुलाचा यापेक्षा मोठा गौरव कोणता? डोरोथिया लँग यांनी त्याचे छायाचित्रही घेतले. ते आजही पुस्तकांत दिसते. शहरात राहिला असता तर कदाचित त्याला कलावंत म्हणून नाव मिळाले असते. पण त्याचे मन शहरात रमेना.

१९३४ च्या वसंतात भाऊ वॉल्डो याने त्याला मोटारीने कायेंटाला सोडले. त्या उन्हाळ्यात तो पुरातत्त्वज्ञांच्या एका तुकडीबरोबर राहिला, प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात राबला. होपी लोकांचे उत्सव त्याने पाहिले. नवाहो भाषेतले काही शब्द तो शिकला, त्यांच्या होगनांत बसून त्यांची गाणी ऐकली. आपण वाचक मात्र एक गोष्ट विसरतो. ज्या भूमीला तो एकांत म्हणत होता ती कुणाची तरी नांदती वस्ती होती. ज्या वर्षांत तो तेथे चित्रे काढीत होता त्याच वर्षांत, १९३३ पासून, चराई फार झाली, जमीन धुपते, असे म्हणून अमेरिकन सरकारने नवाहोंची मेंढरे सक्तीने कमी करायला सुरुवात केली होती. कित्येकांची मेंढरे त्यांच्या डोळ्यांदेखत मारली गेली. मोटारीतून जाणाऱ्याला आमचा माळही पडीकच दिसतो. पण त्याच्यातल्या प्रत्येक पाणवठ्याला आमच्यात नाव असते.

ऑक्टोबर संपताना एव्हरेट उत्तरेला युटात शिरला आणि ब्राइस कॅनियनवरून नोव्हेंबरच्या सुरुवातीला एस्कलांते या गावी आला. समुद्रसपाटीपासून पावणेसहा हजार फुटांवर वसलेले हे मॉर्मन शेतकऱ्यांचे छोटे गाव. गावातल्या पोरांशी त्याची गट्टी जमली. त्यांच्याबरोबर तो घोड्यावरून फिरला, जुन्या बाणांची टोके हुडकली, त्यांना सिनेमालाही घेऊन गेला. ११ नोव्हेंबर १९३४ रोजी त्याने भावाला पत्र लिहिले. पुढच्या टपाल कचेरीपर्यंत पोचायला महिना-दोन महिने लागतील, असे त्याने कळवले होते. हे त्याचे शेवटचे पत्र.

दुसऱ्या दिवशी दोन गाढवे घेऊन तो होल-इन-द-रॉकच्या वाटेला लागला. ही वाट सुमारे नव्वद किलोमीटरची. १८८० च्या जानेवारीत, ऐन थंडीत, अडीचशे मॉर्मन स्त्रीपुरुषांनी कड्यातली एक फट सुरुंगांनी रुंद करून त्यातून आपल्या बैलगाड्या दोरांनी नदीकडे उतरवल्या होत्या. म्हणून त्या वाटेचे हे नाव. अडीचशे माणसे एकमेकांचे दोर धरून जेथून उतरली तेथे हा एकटा निघाला होता.

१९ नोव्हेंबरला त्या वाटेच्या शेवटाकडे त्याला दोन मेंढपाळ भेटले. हे वाचताना मी ताठ बसलो. जगात त्याला शेवटचे पाहिले ते मेंढपाळांनी! दोन रात्री तो त्यांच्या तळावर राहिला. त्यांनी त्याला मटण देऊ केले. त्याने ते घेतले नाही, आपल्याजवळचा शिधा पुरे आहे म्हणाला. आसपासच्या घळी, वाटा, जुनी घरे यांची चौकशी केली आणि गाढवे हाकीत निघून गेला. परक्या माळावर भेटलेल्या माणसाला दोन रात्री जागा द्यायची, जे आहे त्यातले पुढे करायचे, आणि निघतो म्हणाला तर अडवायचे नाही. मेंढपाळ इकडचा काय नि तिकडचा काय, रीत एकच.

नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. आईवडिलांनी ॲरिझोनातल्या टपाल कचेरीवर पाठवलेली पत्रे कुणी न घेतल्यामुळे परत आली. फेब्रुवारी १९३५ मध्ये घाबरून त्यांनी त्या टापूतल्या गावांना पत्रे लिहिली. एस्कलांतेच्या लोकांनी वाट पाहिली नाही. शेतीची, गुरांची कामे टाकून मार्चच्या सुरुवातीला गावकरी घोड्यांवरून निघाले आणि एस्कलांते नदीला मिळणाऱ्या डेव्हिस गल्च नावाच्या घळीत पोचले. तेथे त्याची दोन्ही गाढवे सापडली. घळीत गवत होते, पाणी होते. आणि जनावरांनी बाहेर जाऊ नये म्हणून वाटेवर काट्याकुट्यांचे कुंपण घातलेले होते. मात्र त्याचे अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, रंगाचे साहित्य, चित्रे, त्या वर्षाची रोजनिशी यांतले काहीच मिळाले नाही. पुढे मे-जूनमध्ये लोक पुन्हा गेले. ऑगस्टमध्ये एक वार्ताहर नवाहो माग काढणाऱ्याला घेऊन गेला. माग लागला नाही.

सापडले ते दोन ठिकाणी दगडावर कोरलेले काही अक्षरांचे लेखन : नेमो १९३४. एक गुहेत, आणि दुसरे एका प्राचीन धान्यकोठीच्या उंबऱ्यावर.

नेमो म्हणजे लॅटिनमध्ये कुणीही नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत माणसांचे जग टाकून समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कप्तानाचे हेच नाव आहे. ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत अडकतो तेव्हा आपले नाव कुणीही नाही असेच सांगतो. त्या शब्दाचा अर्थ आपल्या मुलाच्या वाचनातून लावून दाखवला तो वडिलांनी. सतराव्या वर्षी आपले नाव गाढवाला देणाऱ्या मुलाने विसाव्या वर्षी नावच पुसून टाकले होते.

त्याचे काय झाले? प्राचीन घरांकडे चढताना तो कड्यावरून कोसळला असेल, असे काहीजण म्हणतात. नदी ओलांडताना बुडाला असेल, थंडीने गारठला असेल, असे दुसरे म्हणतात. गुरे चोरणाऱ्यांनी त्याला सरकारचा हेर समजून मारले, अशी कुजबुज त्या भागात पुष्कळ वर्षे होती. तो जाणूनबुजून नाहीसा झाला आणि कुठेतरी वेगळ्या नावाने जगला, असे मानणारेही आहेत. ही शेवटची गोष्ट मला पटत नाही, आणि त्याचे कारण ते कुंपण. जो जनावरांना गवतात सोडून वाट काट्यांनी बंद करतो तो परत येणार असतो. कायमचा जाणारा वाट उघडी ठेवतो, म्हणजे मुकी जनावरे उपाशी मरत नाहीत. आणि अंथरूण-भांडी बरोबर नेली, याचा अर्थ गाढवाला जाता येणार नाही अशा ठिकाणी एखाद-दुसरी रात्र काढण्याचा त्याचा बेत असावा. हिवाळ्याच्या तोंडावर, निसरड्या खडकावर, पाठीवर ओझे घेऊन एकटा. पाय मुरगळला तरी पुरे. हाक मारली तर ऐकायला दोन गाढवे.

पुढची गोष्ट त्याची नाही, त्याच्या माणसांची आहे. आणि मला ती अधिक मोठी वाटते. आईवडील १९३५ च्या उन्हाळ्यात स्वतः त्या मुलखात गेले, जेथे जेथे मुलगा गेला होता तेथल्या लोकांना भेटले. त्यांनी त्याचे प्रत्येक पत्र जपले. १९४० साली त्याची पत्रे आणि कविता पुस्तकरूपाने निघाल्या. १९४२ मध्ये वॉलेस स्टेग्नर या मोठ्या लेखकाने मॉर्मन मुलखावरच्या आपल्या पुस्तकात त्याच्यावर एक प्रकरण लिहिले. वडील १९५४ मध्ये वारले, आई १९६४ मध्ये. त्याच सुमारास ग्लेन कॅनियन धरणाचे पाणी चढत चढत डेव्हिस गल्चच्या खालच्या भागात शिरले आणि ती घळ अर्धी बुडाली. वॉल्डो जन्मभर धाकट्या भावाची आठवण राखीत राहिला आणि २००७ मध्ये गेला. दरम्यान १९८३ साली त्याच्या पत्रांचे मोठे पुस्तक प्रसिद्ध होऊन नव्या पिढीला त्याची ओळख झाली होती.

२००८ मध्ये डेव्हिस गल्चच्या पूर्वेला बरेच दूर, कोंब रिज येथे, एका नवाहो कुटुंबाच्या सांगण्यावरून खडकाच्या फटीत मानवी हाडे मिळाली. २००९ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठातल्या तपासणीवरून ती एव्हरेटचीच असल्याचे जाहीर झाले. पंचाहत्तर वर्षांचे कोडे सुटले! पण काही तज्ज्ञांना दातांची झीज पाहून शंका आली. पुतण्या-पुतणींनी पुन्हा तपासणी मागितली. त्याच ऑक्टोबरमध्ये सैन्यदलाच्या डीएनए प्रयोगशाळेने निकाल दिला, की ही हाडे एव्हरेटची नाहीत. ती कुणा मूळ रहिवाशाची होती. ज्यांची होती त्यांच्याकडे ती सोपवण्यात आली आणि कोडे होते तेथेच राहिले.

आता माझे म्हणणे. एव्हरेटचे धाडस पाहून थरारून जाणारे पुष्कळ आहेत आणि त्याला वेडा म्हणणारेही पुष्कळ. मला दोन्हींत पडायचे नाही. त्याने वीस वर्षांत जे पाहिले ते अनेकांना ऐंशी वर्षांत दिसत नाही, हे मी मान्य करतो. रोज तोच माळ तुडवणाऱ्या माझ्यासारख्याला माळ सुंदर असतो हे त्याच्या पत्रांनी दाखवले, हे त्याचे ऋणही मान्य करतो. चालणे हे नुसते पोटासाठी नसते, हे मला कुणी शिकवले नव्हते.

पण उंबऱ्यावर कोरलेला तो शब्द मला मान्य नाही. ज्या कोठीच्या उंबऱ्यावर तो कोरला ती सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या पोराबाळांच्या मक्यासाठी दगडमातीने बांधली होती. तो उंबरा कुणाचा तरी होता; आणि कोरणारा मुलगाही कुणाचा तरी होता. मेंढपाळांनी त्याला दोन रात्री जागा दिली. न पाहिलेल्या माणसासाठी शेतकऱ्यांनी कामे टाकली. आईने तीस वर्षे, भावाने त्र्याहत्तर वर्षे त्याची वाट पाहिली. इतक्या माणसांनी ज्याला शोधले तो कुणीही नाही कसा?

घळीत माणूस एकटा उतरतो, हे खरे. पण वर, काठावर, त्याच्या परतीकडे डोळे लावून कुणीतरी उभे असते. एव्हरेट रूएसने खाली पाहिले, समोर पाहिले, आभाळातले वादळही डोळे भरून पाहिले. काठाकडे मात्र त्याने थोडे कमी पाहिले. त्याच्या वयाच्या आपण सर्वांनी खुशाल वाटा तुडवाव्यात, वादळे पाहावीत. फक्त निघताना कुठे जातो ते सांगून निघावे, आणि आपले नाव मागे राहिलेल्यांच्या हवाली करून जावे. ते ते सांभाळतात.